दोन रात्री अँबोसेलीत, सासू-सासऱ्यांसकट (आणि नेमकी संकष्टी)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मागे इथेच विचारलं होतं की सासू-सासरे कऱ्हाडहून सहा आठवड्यांसाठी आमच्याकडे नैरोबीला येतायत, दोघं सत्तरीचे, वीकेंडला सफारीला कुठे नेऊ, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून इतका काला केलात की शेवटी नवरा म्हणाला चिठ्ठ्या टाकू. तर अपडेट. अँबोसेलीला जाऊन आलो. शुक्रवारी सकाळी निघालो, रविवारी संध्याकाळी घरी, दोन रात्री लॉजवर.

मासाई मारा पार्क का नाही हे व्यनित (खाजगी निरोपात) तीन जणांनी विचारलंय म्हणून आधी तेच सांगते. मारा पाच-सहा तास, आणि जुलै ते ऑक्टोबर नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टच्या सीझनमध्ये जेवढी जनावरं तेवढ्या गाड्या, एका सिंहाभोवती लग्नाच्या पंगतीसारखी गर्दी. चार रात्री हातात असतील तर जा की. दोनच असतील आणि बरोबर गुडघेदुखीवाली माणसं असतील तर जिथे पाणी एका जागी आहे आणि जनावर आपणहून तिथे येतं अशी जागा बरी, असं माझं आता पक्कं मत झालंय.

रस्ता मोम्बासा रोडने एमालीपर्यंत, साधारण सव्वाशे किमी, तिथून उजवीकडे किमानाच्या दिशेने. चहापाणी धरून साडेचार तास लागले. मोम्बासा रोडवर ट्रकांची रांग म्हणजे आपला खंबाटकी घाट सपाट केल्यासारखा. सासरे (बाबा) एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि प्रत्येक ओव्हरटेकला उजवा पाय दाबत होते, तिथे ब्रेक नसताना. गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने घेतली होती, वर छत उघडणारी लँडक्रूझर. बाबांनी निघायच्या आधी खाली वाकून पाटे बघितले, मागचे पाटे जास्तीचे टाकलेत हे ओळखलं, आणि तिथून त्यांची आणि ड्रायव्हरची जी गट्टी जमली ती जमलीच. एकाला मराठी आणि मोडकं हिंदी, दुसऱ्याला स्वाहिली आणि इंग्रजी, पण साडेचार तास बोलत होते, काय ते देवाला माहीत.

डांबर संपल्यावर ड्रायव्हर म्हणाला, आता मरम रोड सुरू. बाबा एकदम मागे वळले, "मुरूम? मुरूम म्हणाला का गं तो?" हो, इथे कच्च्या तांबड्या रस्त्याला मरमच म्हणतात, आपलाच मुरूम बोटीत बसून आलाय. मग काय, खेळच सुरू झाला. गारी म्हणजे गाडी, दुका म्हणजे दुकान, साबुनी, हेसाबू, पेसा, बिमा, लाखाला लाकी, आणि कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला कचुंबारी! बाबांनी डायरीत सगळं लिहून घेतलं. फक्त एक घोळ झाला. इथे मोठ्या बाईला आदराने 'मामा' म्हणतात, म्हणजे आई. ड्रायव्हर सासूबाईंना मामा मामा करत होता आणि आई दर वेळी शांतपणे दुरुस्त करत होत्या, "मामी. मामा हे नव्हेत का." रविवारपर्यंत तो खरंच मामी म्हणायला लागला.

गेटच्या आत गेल्यावर धूळ. म्हणजे धूळ हा शब्द कमी पडतो. पांढरी, खारी, पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखी. अँबोसेली हे नावच मासाई भाषेतल्या अशाच खाऱ्या धुळीच्या अर्थाच्या शब्दावरून आलंय म्हणतात. अँबोसेली लेक म्हणून नकाशावर जे दिसतं ते वर्षातला बराच काळ कोरडं असतं, आम्ही गेलो तेव्हा त्यावर वावटळी फिरत होत्या, एका वेळी चार-पाच, लांबून कोणी सिगरेटी उभ्या करून ठेवल्यात असं वाटावं. आणि ज्याच्यासाठी लोक येतात तो किलिमांजारो? नव्हता. समोर नुसता ढग. ५८९५ मीटरचा डोंगर इतका बेपत्ता होऊ शकतो हे पहिल्यांदा बघितलं. आई म्हणाल्या, "एवढा मोठा आहे म्हणता, मग ठेवला कुठं?"

लॉजवर पोचल्यावर ओले गार टॉवेल आणि आंबट सरबत. चौघांचे पांढरे टॉवेल पुसून झाल्यावर तांबडे-करडे. आणि मग रिसेप्शनला माशी शिंकली. आम्ही बुकिंग एका एजंटमार्फत केलं होतं (नाव लिहीत नाही), त्याला दोनदा विचारलं होतं की आम्ही रेसिडेंट पण आईबाबा व्हिजिटर म्हणून आलेत, तर दर कसा? सगळे एकाच दरात, नो प्रॉब्लेम, म्हणाला. इथे काउंटरवर चौघांची कार्डं मागितली आणि दोघांचा फरक डॉलरमध्ये. पार्कच्या फीला पण तेच. एजंट फोन उचलेना. फरक किती ते विचारू नका, बाबांना आम्ही सांगितलेलं नाही आणि ते हा धागा वाचणार आहेत. तर पालकांना नेणाऱ्यांनी लॉजला स्वतः मेल करून, प्रत्येक माणसाचा दर लेखी घ्या.

आता हत्ती. त्या संध्याकाळी चार वाजता निघालो, एन्कोंगो नारोक नावाच्या दलदलीच्या कडेला ड्रायव्हरने गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला आता बसा. किलिमांजारोवर पडलेलं पाणी जमिनीखालून येऊन इथे झऱ्यांनी वर येतं, म्हणून आजूबाजूला रखरखाट आणि मध्ये हिरवीगार लव्हाळी. त्यात हत्ती पोटापर्यंत बुडून चरत होते. रात्री ते पार्कबाहेरच्या झाडीत जातात, सकाळी पाण्यावर येतात, संध्याकाळी परत. आमच्या समोर परत निघाले. पाण्यातून वर आल्यावर प्रत्येकाचा खालचा अर्धा भाग काळाकुळकुळीत, वरचा पांढुरका, मध्ये सरळ रेघ, घराला गेरूचा पट्टा ओढल्यासारखी. पुढे म्हातारी मादी. ती गाडीपासून पंधरा-वीस फुटांवर थांबली. मागे एक अगदी बारकं होतं, त्याला सोंडेचं काय करायचं ते कळत नव्हतं, चालता चालता स्वतःच्याच सोंडेवर पाय देत होतं. म्हातारीने सोंड वर करून आमचा वास घेतला. कान पसरलेले, शिरा दिसत होत्या, पापण्यांचे केस सुद्धा. गाडीत कोणी बोलेना. माझा मुलगा (वय ६, एरवी तोंड बंद नसतं) माझं बोट धरून बसला होता. मग ती हळूच वळली आणि सगळे रस्ता ओलांडून गेले, पायांचा आवाज अजिबात नाही. एवढं धूड आणि आवाज नाही, हे मला अजून पटत नाहीये.

आईंनी मोजले. सत्तावीस.

बाकी उद्या लिहिते, डबा भरायचाय.

झुणकाभाकर

मस्त! पण संकष्टी कुठाय? शीर्षकात आहे म्हणून तर उघडला धागा.

प्रश्नचिन्ह

छान लिहिलंय. आम्ही डिसेंबरात पुण्याहून यायचं म्हणतोय. तीन प्रश्न. यलो फीवरची लस घ्यावीच लागते का, मलेरियाच्या गोळ्या लागतात का, आणि सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन येऊ का?

तिरकस

म्हणजे बिग फाइव्ह पैकी फक्त हत्ती. गेंडा नाही, बिबट्या नाही. एवढे डॉलर ओतून हत्ती बघायचे तर कर्नाटकात दुबारेला जाऊन या, अंघोळ पण घालायला मिळते.

नागपुरी_संत्रं

तिरकस, बिग फाइव्ह हा शिकाऱ्यांचा शब्द आहे राजे, पायी शिकार करायला सर्वांत अवघड पाच जनावरं म्हणून. आपल्याला काय बंदूक चालवायची आहे का बे. बाकी लेख एक नंबर. आमच्या ताडोबात सगळा खेळ कानांचा असते. सांबर ओरडलं, वानर खाकरलं, की जिप्सी थांबवून श्वास रोखून बसाचं, आणि चार राउंडमध्ये एकदा बांबूतून पट्टे दिसले तर जन्म सार्थक. तिकडे सगळं उघड्यावर, दोन किमीवरून दिसते. मजा येते का मग? खरंच विचारतोय, चिडवत नाही.

कृष्णाकाठ

@प्रश्नचिन्ह, मी डॉक्टर नाही, पण आम्ही केलं ते सांगते. केनियाहून भारतात परतताना यलो फीवरचं सर्टिफिकेट लागतं, नसेल तर सहा दिवस क्वारंटाइन करून ठेवू शकतात, आणि लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी हवी. एकदा घेतली की आता आयुष्यभर चालते. भारतात ती ठराविक सरकारी मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते, तारखा लवकर संपतात. साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरशी आधी बोलून घ्या, आमच्या आईबाबांचं त्यातच सगळ्यात जास्त घोळलं. मलेरियाचं पण डॉक्टरलाच विचारा. सहा महिन्यांच्या बाळाला ही लस देत नाहीत (नऊ महिन्यांच्या आत नाही), आणि खरं सांगू का, त्या धुळीत मी तरी नेणार नाही.

@नागपुरी_संत्रं, मजा वेगळी. ताडोबात वाघ दिसला की संपलं असं होतं ना, इथे दिसल्यावर सुरू होतं. समोर उभं आहे, मग आता त्याचं काय चाललंय ते बघत बसायचं.

@तिरकस, धन्यवाद, हजेरी लागली तुमची.

जोबर्गकर

आमच्याकडे वीकेंडचं गणित अजून सोपं आहे म्हणून लिहितो. जोहान्सबर्गहून पिलानेसबर्ग दोन-अडीच तास, विझलेल्या जुन्या ज्वालामुखीच्या गोल डोंगरांत पार्क, मलेरिया नाही, रस्ते चांगले आणि स्वतःची साधी गाडी घेऊन फिरता येतं. १९७९ ला तिथे शेतं होती ती काढून जनावरं बाहेरून आणून सोडली, ऑपरेशन जेनेसिस म्हणत त्याला. त्यामुळे काही लोक नाकं मुरडतात की हे काय खरं जंगल नव्हे. मी दर वेळी पाहुण्यांना तिथेच नेतो. बायकोचं म्हणणं, तुला सन सिटी (तिथलं कॅसिनोवालं रिसॉर्ट) जवळ आहे म्हणून आवडतं. असो.

आमच्या एका ट्रिपला गंमत म्हणजे गेम ड्राइव्हला आमच्या गाडीत एक जर्मन जोडपं होतं, त्यांना फक्त पक्षी बघायचे होते, आणि आमच्या काकांना फक्त सिंह. तीन तास गाडीत शीतयुद्ध. तेव्हापासून शेअरिंगची गाडी बंद. कृष्णाकाठ, तुम्ही स्वतंत्र गाडी घेतलीत ते बेस्ट केलंत.

सुमाकाकू

किती छान गं. मला एक सांग, जेवणाचं कसं केलंत? आमचे हे शाकाहारी, शिवाय लसूण नको. आणि रात्री बाथरूम खोलीतच असतं ना? हसू नका कोणी, या वयात तोच पहिला प्रश्न असतो.

दारेसलामी

टांझानियाच्या बाजूने एक भर घालतो. अँबोसेलीच्या हत्तींना बॉर्डर कळत नाही, ते पलीकडे किलिमांजारोच्या पायथ्याशी येतात-जातात. केनियात शिकार १९७७ पासून बंद, आमच्याकडे परवान्यावर चालते, आणि २०२३-२४ मध्ये तिकडून आलेले मोठ्या सुळ्यांचे नर इकडे परवान्यावर मारले गेले, त्यावरून दोन्हीकडे बराच गदारोळ झाला. एकेक सुळा ४५ किलोच्या वर असलेले हत्ती आता हातावर मोजण्याइतके उरलेत. टिम नावाचा त्यातला एक प्रसिद्ध हत्ती २०२० मध्ये म्हातारपणाने गेला, पन्नाशीचा होता. तो पेंढा भरून नैरोबीच्या म्युझियममध्ये ठेवलाय. पाहुण्यांना दाखवा.

तिरकस

टिमचं माहीत नव्हतं. बरं लिहिलंत. पण माझा मूळ मुद्दा वेगळा आहे आणि तो कोणी काढत नाहीये. मासाई लोक तिथे पिढ्यानपिढ्या गुरं पाजत होते. १९७४ ला नॅशनल पार्क केलं आणि त्यांना पाण्यापासून बाहेर काढलं. आता त्याच पाण्याकडे तोंड करून आपण डेकवर बसून सरबत पिणार आणि संध्याकाळी त्यांनाच उड्या मारायला लावून फोटो काढणार. मला हे झेपत नाही.

कृष्णाकाठ

तिरकस, या वेळी तुमच्याशी भांडत नाही. मन्याट्टाला, म्हणजे मासाईंच्या वस्तीवर, आम्हीही गेलो होतो, शनिवारी दुपारी. डोकं मोजून पैसे, मग स्वागताचं गाणं, उड्या, काटकीवर काटकी घासून जाळ, आणि शेवटी मण्यांच्या माळांचा बाजार. मला पहिली दहा मिनिटं खूप अवघडल्यासारखं झालं. पण सासूबाई सरळ एका घरात वाकून आत गेल्या, ती घरं बायकाच बांधतात, काटक्यांवर शेण-माती लिंपून, आणि आत बसलेल्या बाईला खुणेने विचारलं की शेणात राख घालता का. मग दोघी सारवणावर बोलत बसल्या. म्हणजे बोलणं कसलं, हात हलवणं. आई बाहेर आल्या त्या तिच्या भिंतीत दोष काढतच, "पावसाळ्यात टिकायची नाही, पण हात बरा आहे बाईचा." माळ दोन घेतल्या, घासाघीस करून. म्हणजे फोटो काढणंच करायला हवं असं काही नाही. पण पाण्याचा मुद्दा खराच आहे. आमचा ड्रायव्हर स्वतः मासाई, तो म्हणाला दुष्काळात त्याच्या वडिलांची निम्मी गुरं गेली, आणि पार्कच्या हद्दीतलं हिरवं गवत बाहेरून दिसत होतं. तो हे सांगत असताना गाडीत शांतता होती, नंतर त्यानेच विषय बदलून झेब्रा दाखवला.

सिंहांचं पण तसंच. १९९० च्या सुमाराला इथले सिंह भाल्यांनी आणि विषाने जवळपास संपले होते, गुरं मारतात म्हणून. आता लायन गार्डियन्स म्हणून मासाई तरुणच सिंहांच्या मागावर असतात, सिंह कुठे आहे ते गुराख्यांना आधी कळवतात, हरवलेली गुरं शोधून आणतात. २००७ पासून चालू आहे ते. आमच्या ड्रायव्हरचा भाचा त्यात आहे. आम्हाला सिंह दिसला, खोटं कशाला बोलू, झोपलेला, पाऊण किमीवर, दुर्बिणीतून एक कान.

@सुमाकाकू, बाथरूम आत, टाकटुक, गरम पाणी ठराविक वेळेतच, ते चेक-इनला विचारून ठेवा. तंबूच म्हणतात पण खाली फरशी, पलंग, मच्छरदाणी. फक्त चेन नीट लावायची. आमच्या शेजारच्यांनी उघडी ठेवली, माकडं आत गेली आणि त्यांची बिस्किटं, टूथपेस्ट आणि का कोण जाणे एक मोजा नेला. आणि प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या आणू नका, पार्कमध्ये २०२० पासून बंदी आहे, स्टीलची न्या, लॉजवर भरून देतात. जेवणाचं लिहिते, त्यातच संकष्टी येते.

झुणकाभाकर

चला, एकदाची.

कृष्णाकाठ

तर शनिवारी संकष्टी. हत्ती आणि संकष्टी यावरचा जोक नवऱ्याने आधीच चारदा केलाय, तुम्ही कृपया करू नका.

आईंचा उपास कडक, चंद्र बघितल्याशिवाय अन्न नाही, दिवसा फळं-दूध चालतं. मी साबुदाणा बरोबर आणला होता पण लॉजवाल्यांना खिचडी कशी सांगणार, म्हणून शुक्रवारी रात्रीच शेफला भेटले. उंच, शांत माणूस. धान्य नाही, मीठ थोडं, कांदा-लसूण नाही असं सगळं सांगितलं, वाटलं आता सॅलड देणार. त्याने विचारलं, ङ्ग्वाची चालेल? न्दुमा? आणि सकाळी आईंच्या पुढे उकडलेली रताळी आणि उकडलेल्या अळकुड्यांची ताटली, वर भाजलेले शेंगदाणे. इथे लोक नाश्त्याला चहाबरोबर हेच खातात! मी चार वर्षं नैरोबीत राहून उपासाला बटाट्याच्या चिप्स खातेय. आई म्हणाल्या, "तुझ्यापेक्षा याला जास्त कळतं."

सकाळच्या ड्राइव्हला पण डोंगर नाही, पूर्ण ढग. झेब्रे, विल्डबीस्ट, डोक्यावर सोनेरी तुरा असलेले करकोचे आणि पंक्चर. पार्कमध्ये गाडीतून उतरायला बंदी, पंक्चरला ड्रायव्हर मोकळी जागा बघून, चारी बाजूंनी नजर टाकून उतरतो. बाबांचा हात दाराच्या कडीवर. ड्रायव्हर म्हणाला, "नो, म्झे." (म्झे म्हणजे वडीलधारी व्यक्ती.) मग बाबा खिडकीतून सूचना देत होते, "नट ढिले कर आधी, जॅक नंतर," मराठीत, आणि तो बरोबर तसंच करत होता, कारण ते तसंच करतात. स्टेपनी बसल्यावर दोघांनी खिडकीतून शेकहँड केला. बाबांच्या मते ट्रिपमधला हा सर्वांत चांगला प्रसंग. हत्ती दोन नंबरला.

संध्याकाळी आई डेकवर तयार होऊन बसल्या. लॉनच्या कडेला दुर्वा पण मिळाल्या होत्या, तीन-तीन पात्यांच्या, खात्री करून घेतलेल्या. कालनिर्णयचा फोटो जावेने कऱ्हाडहून पाठवला होता, चंद्रोदय नऊ पस्तीस. आईंनी घड्याळ बघितलं, म्हणाल्या झाली वेळ, चला. वर आकाशात चंद्राचा पत्ता नाही. अंधार, आणि नुसत्या चांदण्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग नवऱ्याने हळूच विचारलं, आई, घड्याळ इथल्या वेळेला लावलंय ना? नव्हतं लावलं. आल्यापासून तीन आठवडे आईंचं घड्याळ भारताच्या वेळेवरच चालू होतं! इथे अजून सात पाच. कऱ्हाडात चंद्र उगवला होता. जाऊबाई जेवून मोकळ्या.

पंचांगप्रेमी

मध्येच तोंड घालतो, क्षमस्व. चंद्रोदय स्थानिकच धरायचा. पण मग तिथल्या चंद्रोदयाला चतुर्थी शिल्लक होती का हेही बघावं लागेल, अडीच तासांत तिथी संपली असेल तर पेच.

सुमाकाकू

अहो राहू द्या हो पेच, बाई उपाशी आहे तिकडे.

कृष्णाकाठ

सुमाकाकू 😄 हेच बाबा म्हणाले. पण आई ऐकतायत कुठल्या. इथला चंद्र म्हणजे इथलाच. मग बसलो.

रात्री लॉजवर एकटं फिरायचं नाही, अस्करी म्हणजे पहारेकरी टॉर्च घेऊन तंबूपर्यंत सोडतो. आमचा अस्करी साठीचा असेल, लाल चौकड्यांचं कापड, हातात सोटा. आठ वाजले, लोक जेवून निघाले, तो एकेकाला सोडून परत येई आणि बघे तर आई तिथेच, पूर्वेकडे तोंड करून, पुढ्यात स्टीलचा पेला. ड्रायव्हरने त्याला काहीतरी सांगितलं. तो आत जाऊन एक लोकरीचं पांघरूण घेऊन आला, आईंच्या खांद्यावर टाकलं आणि दोन खुर्च्या सोडून स्वतः बसला. टॉर्च बंद केला. मग पहिल्यांदा आवाज नीट ऐकू यायला लागले. दलदलीकडून पाणघोड्यांचं घुमणं, हसल्यासारखं. कुठेतरी तरस, खालून वर चढत जाणारा आवाज, ऊऽऽप. आणि कुंपणापलीकडे फांद्या मोडल्याचा. मुलगा बाबांच्या मांडीवर झोपला.

साडेनऊच्या सुमाराला च्युलूच्या टेकड्यांच्या बाजूला आकाश तांबूस व्हायला लागलं. अस्करीनेच आधी बोट दाखवलं. चंद्र आला तो धुळीतून आल्यामुळे इतका लाल की मला क्षणभर वणवा वाटला. आईंनी उठून पाणी सोडलं, दुर्वा वाहिल्या, पुटपुटणं झालं. अस्करी पण उभा राहिला होता. सगळं झाल्यावर आई वळल्या आणि म्हणाल्या, "अगो बाई, हा कुठून आला?"

दक्षिणेकडे डोंगर होता. ढग कधी विरले कोणाचं लक्षच नव्हतं. खालचा सगळा भाग काळा आणि वर नुसता चपटा पांढरा माथा, चंद्राच्या उजेडात, आपण जिथे बघू त्याच्या बराच वर. मी दोन दिवस खूप खाली बघत होते हे तेव्हा कळलं.

शेफने खिचडी केली होती. साबुदाण्याची! त्याने नवऱ्याकडून फोनवर व्हिडिओ मागवून घेतला होता. जरा गिचका झाला होता. आईंनी दोनदा घेतली.

नागपुरी_संत्रं

बाप्पा. काही बोलत नाही.

तिरकस

फोटो?

कृष्णाकाठ

रात्रीचा कोणीच काढला नाही, सुचलंच नाही. रविवारी सकाळी सव्वासहाला डोंगर लख्ख होता तेव्हाचे सत्तर आहेत, नऊला परत गायब. चिकटवते वेळ मिळाला की.

@दारेसलामी, टिमला भेटून आलो काल. बाबा त्याच्या सुळ्याखाली उभे राहून वजनाचा अंदाज करत होते. आणि आईंना तिथे कोणीतरी सांगितलं की अँबोसेलीत १९७२ पासून हत्तींचा अभ्यास चालू आहे, प्रत्येक कुटुंबाला अक्षर दिलंय आणि त्या घरातल्या सगळ्यांची नावं त्याच अक्षरावरून. आईंचं म्हणणं, म्हणजे राशीप्रमाणेच की.

पंचांगप्रेमी

तिथी तपासायची असेल तर तारीख कळवा, पाच मिनिटांत सांगतो.

कृष्णाकाठ

काका, नको. चुकून संपली असेल तर आई पुढच्या महिन्यात परत बसतील.

एक राहिलंच, कोणीतरी व्यनित विचारलंय. एजंटचे पैसे अजून मिळालेले नाहीत. आणि बाबा, तुम्ही वाचत असाल तर फरक अगदी किरकोळ होता.

झुणकाभाकर

बाबा, नव्हता.